मोठ्या दाण्याची दारू

विभाला तोंड आवरत नाही, हे सासर-माहेर दोन्हीकडे सर्वांना ठाऊक होतं. जपानमधल्या चिबाच्या डोंगरातल्या सात म्हाताऱ्यांना ते कळायला मात्र चार वर्षं लागली. कारण ही चार वर्षं ती त्यांच्यात खाली मान घालून झाडू मारत होती.

ते सात जण म्हणजे तोड्याच्या बंदुकांचं मंडळ. तोडा म्हणजे जळती वात. खटका ओढला की ती खाली येते, नळीच्या कानातल्या रंजकीला, म्हणजे चिमूटभर दारूला, चाटते आणि बार उडतो. पूर्वजांच्या काळातल्या या ठासणीच्या बंदुका ही मंडळी अजून निशाणावर चालवतात, तेही पोलिसांकडून बंदुकीच्या दारूचा रीतसर परवाना काढून. गोळ्या प्रत्येकाने आपल्या आपण शिसं वितळवून साच्यात ओतायच्या. आणि मंडळात जो सगळ्यांत नवा, त्याने नेमबाजी संपल्यावर मैदान झाडायचं. विभानंतर नवं कोणी आलंच नाही, त्यामुळे झाडू तिच्या हातातून सुटला नाही. सुशील, तिचा नवरा, म्हणायचा, “घरी रोबो व्हॅक्यूम घेऊन दिलाय, आणि तू रविवारी दोन तास ट्रेनने जाऊन डोंगर झाडतेस!”

पण विभा तिथे का जाते हे सुशीलला पक्कं माहीत होतं, म्हणून तो चिडवून गप्प बसायचा.

विभा मूळची सांगलीची, बी.फार्म. लग्नाआधी आणि नंतरची दोन वर्षं ती औषधांच्या कारखान्यात होती, पावडरीच्या विभागात. कोणती पावडर साच्यात सरळ उतरेल, कोणती गुठळी धरेल, दाणा किती हवा, हे ती चिमटीत घेऊन सांगायची, आणि मशीन नंतर तेच सांगायचं. मग सुशीलचं जपानचं प्रोजेक्ट आलं, उरायासुला घर मिळालं, आणि विभाची डिग्री विमानातून उतरताच बाद झाली. इथली परीक्षा द्यायची तर आधी सहा वर्षं इथल्या कॉलेजात शिकल्याइतकं जपानी हवं. तोवर ओवी झाली, आणि विभा स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात पार्ट-टाइम शाम्पूच्या बाटल्या लावू लागली. औषधांच्या काउंटरपासून चार रांगा अलीकडे. त्या चार रांगा तिला रोज टोचायच्या.

एका शरदात ओवीला घेऊन ती एका जुन्या किल्ल्याच्या उत्सवाला गेली होती. चिलखत घातलेल्या म्हाताऱ्यांनी एकदम बार काढले. सगळी पोरं कान झाकून मागे पळाली आणि विभा एकटी धुराच्या दिशेने चालू लागली. ओवी मागून “मामा, अबुनाई!” म्हणून ओरडत होती, म्हणजे ‘आई, जपून!’ असं जपानीत सांगत होती. विभा थेट एका सुरकुतलेल्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. तो नळी पुसत होता. तिने विचारलं, “दाणा कोणता वापरता?”

तो माणूस म्हणजे नेमोतो-सान. तेव्हा पंचाहत्तरीचे. उत्सवात येणारे लोक त्यांना बंदूक किती जुनी, किंमत किती, एवढंच विचारत. त्यांनी डबी पुढे केली. विभाने चिमूटभर दारू बोटांवर घेऊन फिरवली आणि तिच्या अंगावर काटा आला. गेल्या कित्येक वर्षांत बोटांना कोणी काही विचारलंच नव्हतं! पुढच्या रविवारी ती मंडळात हजर झाली.

तर झाडू. झाडताना निशाणबाजांच्या पुढ्यात चिंध्या सापडतात. नळीत आधी दारू, मग मेणकापडाच्या चकतीत गुंडाळलेली गोळी ठासतात. बार झाला की गोळी पुढे जाते आणि चकती दहा पावलांवर पडते. इतर सहा जण त्या बघतही नसत. विभा मात्र त्या उचलून उन्हात धरायची, कारण वापरलेली गाळणीसुद्धा न बघता फेकायची नाही ही कारखान्याची सवय. सहा जणांच्या चकत्या धडधाकट असायच्या, मधे एक काळा गोल डाग. नेमोतो-सानांच्या चकत्या म्हणजे नुसत्या जळक्या दशा.

नेमोतो-सानांची बंदूक मंडळात सगळ्यांत मोठी. इतरांची गोळी हरभऱ्याएवढी, यांची सुपारीएवढी आणि चांगली जड. वडिलांची बंदूक, आणि दारू मोजायचं बांबूचं मापटंही वडिलांनीच कापलेलं. त्या मापट्याला ते दोन्ही हातांनी धरत. वडील असताना ही बंदूक पन्नास मीटरवरचा काळा गोल फोडायची म्हणे. आता तिच्या गोळ्या कुठेही जात. एक डावीकडे, एक मातीत, एक शेजाऱ्याच्या निशाणावर. नेमोतो-सान दर वेळी वाकून माफी मागत आणि म्हणत, “डोळे गेले.” सगळे माना डोलावत. वय झालं की असंच.

या सप्टेंबरात मंडळाचे प्रमुख इशिगे-सान यांनी शुक्रवारच्या बैठकीत अतिशय हळुवारपणे सांगितलं, की नेमोतो-सानांनी बंदूक शहराच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं आहे. नोव्हेंबरात काचेच्या पेटीत जाईल. काचेत गेलेली बंदूक पुन्हा कधी उडत नाही, हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. नेमोतो-सान गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. चेहऱ्यावर काही नाही, फक्त अंगठा दुसऱ्या हाताच्या नखावर घासत होता.

विभाला ते बघवलं नाही.

“डोळे गेलेले नाहीत!” ती एकदम बोलली. “मापटं चुकलंय!”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पण आता सुरू झालीच होती, तर विभा कसली थांबते? ती सांगत सुटली. तुमच्या वडिलांच्या वेळी दारू मोठ्या दाण्याची मिळायची, बरोबर? तो कारखाना बंद पडला आणि तुम्ही सगळे बारीक दाण्यावर आलात. बारीक दाणा झटक्यात जळतो. हलक्या गोळीला तो चालतो. जड गोळी जागची हलायच्या आत त्याचा सगळा जोर मागे साठतो, चकतीच्या चिंध्या होतात, आणि गोळी वेडीवाकडी सुटते. शिवाय त्याच मापट्यात बारीक दारू वजनाने जास्त बसते. जड गोळीला धक्का नको, रेटा हवा. बंदुकीच्या जिवालाही हे बरं नाही. एवढं बोलून तिने पिशवीतून चार वर्षांच्या चकत्यांचं पुडकं काढून टेबलावर ठेवला.

कोणी त्याला हात लावला नाही. नेमोतो-सान उठले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, बंदूक पिशवीत घातली आणि निघून गेले.

“अगं, त्यांच्या वडिलांचं मापटं होतं ते,” घरी सुशील कपाळाला हात लावून म्हणाला. “मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, रूट कॉज म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव घेतलंस तू. इथे असं कोणी बोलतं का? आधी बाजूला घेऊन सांगायचं.”

“वडिलांचं नाही चुकलं. दारू बदलली नि मापटं तेच राहिलं, एवढंच म्हटलं मी.”

“त्यांना काय ऐकू गेलं ते बघ ना.”

विभाला ते ऐकून रडूच फुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढचा रविवार नेमोतो-सान आले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. ती मैदान झाडायची आणि त्यांच्या जागेपुढे एकही चकती नसायची. फोन करायचा धीर होईना. ओवीने जपानीत माफीचं पत्र लिहून दिलं, तेही पर्समध्येच राहिलं. बंदूक जाणार ती जाणारच, आणि वर एका भल्या माणसाचं मन मोडलं, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती दुकानात कंडिशनर लावत असताना फोन वाजला.

“विभा-सान,” पलीकडे नेमोतो-सान होते, “मोठ्या दाण्याचा परवाना मिळाला. रविवारी दुकानदार दारू मैदानावर आणून देईल. दहा बारांपुरतीच आहे. तुमचा वेळ आहे का?”

विभाच्या हातातली बाटली सटकली. “तुम्ही... तुम्ही रागावला नव्हता?”

“त्या दिवशी बैठकीतून सरळ पोलीस ठाण्यात गेलो होतो. खिडकी चारला बंद होते. घाई होती. तुम्हाला सांगायला हवं होतं. परवाना मिळाल्याशिवाय काय सांगणार?”

असा हा माणूस! तीन आठवडे हिच्या जिवाचं पाणी पाणी, आणि हे अर्ज भरत बसले होते. विभा हसली की रडली हे तिच्याबरोबरच्या मुलीला शेवटपर्यंत कळलं नाही.

शनिवारी विभाने बांबू आणून दोन नवी मापटी कापली. एक जुन्या मापट्याहून बरंच आखूड, कारण दाणा मोठा असला तरी ही दारू दुसऱ्या कारखान्याची, जास्त जोराची; दुसरं पहिल्याहून थोडं मोठं. आधी कमीनेच सुरुवात करायची, मग वाढवायचं, यात तडजोड नाही. सुशील काठ घासून देत होता आणि मधूनच विचारत होता, “टेस्ट केस किती आहेत?” त्यालाही आता चेव चढला होता.

रविवारी सातही जण वेळेआधी हजर. इशिगे-सान हाताची घडी घालून उभे. दुकानदाराने डबा उघडला तेव्हा विभाने आधी दाणा पाहिला. जाड, कोरडा, चकचकीत. ती पुटपुटली, “आहाहा!”

आखूड मापट्याचं पहिलं माप. नेमोतो-सानांनी गोळी ठासली, गुडघा टेकला, वात फुंकली. बार झाला, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाजच वेगळा! रोजचा कानठळ्या बसवणारा तडाखा नव्हे, खोल, लांबलेला घुमारा. पण काळा गोल शाबूत. गोळी खाली, निशाणाच्या पांढऱ्या कागदाच्या अगदी तळाशी. दुसरी तळाशी. तिसरीही.

इशिगे-सानांनी दुर्बीण खाली केली. “खाली जाताहेत,” ते दुःखाने म्हणाले.

“हो, पण एकत्र आहेत!” विभा ओरडली. तिला उभं राहवत नव्हतं. “बघा ना, तिन्ही एका तळहातात मावताहेत! डोळे गेलेल्या माणसाच्या गोळ्या अशा जवळजवळ पडतात का?”

ती पळत पुढे गेली, तीन चकत्या उचलून आणल्या. तिन्ही धडधाकट, मधे एकेक काळा गोल डाग. तिने त्या नेमोतो-सानांच्या हातात ठेवल्या. त्यांनी एकेक उन्हात धरून पाहिली. दाढेखाली काही धरल्यासारखे त्यांचे गाल हलत होते.

“आता मोठं मापटं,” ते म्हणाले.

सात बार उरले होते. चौथी गोळी वर सरकली, काळ्या गोलाच्या खालच्या कडेला शिवली. पाचवी आत. सहावी आत. सातव्या बाराला दुर्बिणीवरचे इशिगे-सान बोलायचेच विसरले, नुसता हात वर करून राहिले. आठवी, नववी. विभाने दोन्ही मुठी तोंडाशी धरल्या होत्या आणि मराठीत, मोठ्याने, कोणालाही न कळणारं काहीबाही बोलत होती. काळ्या गोलात आता पाच भोकं होती. सुपारीएवढी, एकमेकांना खेटून.

दहावा बार नेमोतो-सानांनी भरला, ठासला, आणि बंदूक विभाकडे दिली.

“मी नको! बिघडवीन.”

“बिघडवा,” ते म्हणाले. “दारू तुम्ही निवडलीत.”

खांदा चांगलाच हलला. कुठे लागलं ते धुरात तिला दिसलं नाही, आणि तिने पाहिलंही नाही, कारण तिच्या मागे नेमोतो-सान इतरांकडे वळून बोलत होते. एवढं सलग बोलताना चार वर्षांत तिने त्यांना ऐकलं नव्हतं.

“माझ्या वडिलांनी मापटं कापलं ते त्यांच्या दारूसाठी. आजची दारू त्यांना मिळाली असती, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवं कापलं असतं. मी तीस वर्षं त्यांचा बांबू जपला. त्यांची अक्कल जपली नाही. संग्रहालयाला मापटं देऊ या. बंदूक इथेच राहील.”

विभाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. धुरामुळे, असं तिने सुशीलला नंतर सांगितलं, पण सुशील काही भोळा नाही. आनंद झाला होता तिला, इतका की छाती दुखत होती.

डोळे पुसून तिने पाहिलं, तर इशिगे-सान समोर उभे होते. मंडळाचे प्रमुख, मान थोडी झुकलेली. त्यांच्या दोन्ही हातांत त्यांचं स्वतःचं मापटं होतं, आजोबांपासून चालत आलेलं, आणि त्यावर ठेवलेली त्यांची एक वापरलेली चकती. त्यांच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. सहाही जण, आपापलं मापटं नि आपापली चकती घेऊन, एकामागोमाग एक, शांतपणे रांगेत उभे राहिले होते.

विभाने चष्मा नाकावर नीट बसवला. काय बोलावं ते तिला जपानीत आठवेचना.

“या,” ती मराठीत म्हणाली आणि हात पुढे केला. “आधी तुमचं बघू.”