वस्त्रात गुंडाळलेला वरवंटा

शाळेत शिकवू लागलो त्या पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आले, की मुलाचे पाठांतर वर्गात कळते; पण तो काय शिकला आहे, हे मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर कळते. तिथे तो लहानांना पुढे होऊ देतो, की कोपराने मागे सारतो, एवढे पाहावे. ही कसोटी मी मुलांना लावत असे. मोठ्या माणसांना, आणि त्यांच्या उपासनेला, ती लावण्याची वेळ येईल असे मला वाटले नव्हते.

वडील गेले त्यानंतर माझे मन कुठेच ठरेना. फळ्यावर वाक्य लिहिता लिहिता मी अर्ध्यात थांबे आणि पुढचा शब्द मुले सांगत. घरी आई म्हणे, "अरे, निदान घास तरी नीट चाव. कोण मागे लागलंय तुझ्या?" माझी ही अवस्था पाहून शाळेतल्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी मला परळच्या एका चाळीत नेले. पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत, दर गुरुवारी दिवेलागणीला काही मंडळी ध्यानाला बसत. मार्गदर्शन करणारे गृहस्थ गिरगावातले, जुन्या मुंबईकर घराण्यातले, कचेरीतून निवृत्त झालेले. ते ट्रॅमने येत, आणि सारे त्यांना काका म्हणत. समई लागली की दार बंद, डोळे बंद, वाणी बंद. तास संपेपर्यंत काहीही झाले तरी उठायचे नाही, असा तिथला नियम होता.

मला गुण आला, हे मान्य केलेच पाहिजे. झोप लागू लागली. आई तापाने पडली तेव्हा काका स्वतः मोसंबी घेऊन आमचे तीन जिने चढले होते. म्हणून त्यांच्याकडून अनुग्रह घ्यावा असे मी ठरवले, आणि त्यांनी दिवसही नेमून दिला.

त्या खोलीच्या शेजारी एक खानावळ होती. ती चालवणारी बाई मालवणकडची, विधवा. सारी चाळ तिला मावशी म्हणे. तिच्याकडे गिरणीतली माणसे जेवत, आणि त्यांच्या ट्रंका व वळकट्या तिच्याच खोलीत भिंतीला रचलेल्या असत. आत जागा नव्हती, म्हणून तिचा पाटा गॅलरीत, आमच्या दाराशेजारी. पूर्वी याची अडचण नव्हती, कारण तिची माणसे उशिरा, सावकाश जेवत. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या, आणि पाळी सुटल्यावर जेवूनच सभेला जायचे अशी पद्धत पडली. जेवण अलीकडे आले, म्हणून वाटणही अलीकडे आले. ते नेमके आमच्या ध्यानाच्या वेळेवर आले.

ओल्या खोबऱ्यावरून आणि धण्यांवरून फिरणाऱ्या दगडाचा तो आवाज फार मोठा नव्हता. पण एकदा कानाने त्याची वाट पाहायला सुरुवात केली, की दुसरे काही ऐकू येईना. मंडळींत कुजबूज सुरू झाली. दादरला हिंदमात्याजवळ कापडाचे दुकान असलेले एक गृहस्थ आमच्यात होते. ते म्हणाले, "चाळीच्या मालकाच्या मेहताजीला सांगितलं तर पाटा एका दिवसात हलेल." काकांनी हात वर केला. "नको. आपल्याला तिचा राग नाही. गुरुजी तिच्याशी गोडीने बोलतील." गुरुजी म्हणजे मी.

मी गेलो. मावशी लसूण सोलत होती.

"गुरुजी, तुमच्या देवाक पाट्याचो आवाज सोसणा नाय काय?"

"देवाला सोसतो, मावशी. आम्हालाच सोसत नाही."

"मग असां सरळ सांगा ना! देवाक कित्याक मधी घालतास?" ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "माझी माणसां सभेक जातत. एक दिवस उपाशी गेली, तर दुसऱ्या दिवशी दुसरी खानावळ बघतली. मगे मी काय तुमच्या ध्यानाचां पाणी उकळू?"

मी परत येऊन तिची अडचण जशीच्या तशी सांगितली. काकांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "पाहू. मार्ग निघतो."

पुढच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा गॅलरीत पाटा होता, त्यावर खोबऱ्याचे तुकडे होते, पण मावशी नव्हती. खाली मासे घ्यायला गेली असावी. खोलीत सगळे बसलेले. दुकानदार गृहस्थ मला पाहून प्रसन्नपणे म्हणाले, "बसा, बसा. आज निवांत होईल." समई लागली, दार लागले.

खरोखरच आवाज आला नाही. आणि माझे मन, जे आवाजाने अस्वस्थ होत असे, ते आवाज नाही म्हणून अधिकच अस्वस्थ झाले. श्वास मोजावा तर कान गॅलरीत. मग चपलांचा फटफट आवाज आला, आणि मावशीचा:

"अगो, माझो वरवंटो कोणी बघितल्यात काय?"

शेजारणीचे काहीतरी उत्तर. मग पुढचे दार, पुन्हा तोच प्रश्न. कोणीतरी आपला लहान वरवंटा देऊ केला असावा, कारण मावशी म्हणाली, "एवढ्याशान काय होतला गो? माणसां येतली आता." मग ती आमच्या दाराशी आली. कडी वाजली. "कोणी बघितल्यात काय ओ?"

नियम मोडून मी डोळे उघडले. सारे ताठ बसलेले, चेहरे शांत. समईच्या मागे, तसबिरीच्या पायाशी, पांढऱ्याशुभ्र कोऱ्या मलमलीत काहीतरी नीट गुंडाळून ठेवलेले होते. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडे-झबले घालून पाळण्यात ठेवतात. तो आकार ओळखायला मराठी माणसाला वेळ लागत नाही. त्यांनी तो फेकला नव्हता, लपवतानाही नुसता लपवला नव्हता. दगडाचा अवमान होऊ नये म्हणून दुकानातले नवे वस्त्र आणले होते.

पुन्हा कडी वाजली. कोणाची पापणीही हलली नाही.

मी उठलो. वरवंटा उचलला, दार उघडले. मावशीने माझ्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिले, मग माझ्या खांद्यावरून आत, मिटलेल्या डोळ्यांच्या रांगेकडे.

"बारसां कोणाचां, गुरुजी?"

मी गाठोडे पुढे केले. तिने कापड सोडून, घडी घालून माझ्या हातात दिले. "ह्यां परत द्या. वाटणाक लागणा नाय." आणि ती पाट्यावर बसली.

तास संपेपर्यंत मी बाहेर कठड्याशी ते कापड घेऊन उभा होतो. दार उघडल्यावर काका माझ्याजवळ आले. रागावलेले नव्हते.

"तुम्ही उठलात तेव्हा मी डोळे उघडले नाहीत," ते म्हणाले.

"पण काका, ती विचारत होती, ते ऐकू आलं ना?"

"आलं. मी तिच्यासाठी प्रार्थना केली."

मोसंबी घेऊन जिने चढलेले आणि हे वाक्य बोललेले काका एकच होते, हे मला आजही नीट जुळवता येत नाही. माझे ज्येष्ठ सहकारी पुढे मला समजावत, की माणसे चुकतात, मार्ग चुकत नाही. असेलही. पण ज्या मार्गाने दारावरची कडी ऐकू येते आणि उठता येत नाही, त्याची परीक्षा मी आणखी कुठे घ्यायची होती?

अनुग्रहाच्या दिवशी मी त्या चाळीत गेलो. का गेलो, ते सांगता येणार नाही, पाय गेले. जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. टोकाच्या दाराबाहेर चपला ओळीने लावलेल्या होत्या, आणि दार माझ्यासाठी अजून उघडे होते. गॅलरीत पाटा चालू होता. खानावळीतून माणसे हात धुऊन, टोप्या घालून सभेला निघत होती, आणि मी त्यांच्या वाटेत होतो.

"गुरुजी," मावशी मान वर न करता म्हणाली, "आत येवचां तर येवा, नायतर वाट सोडा. माणसांक उशीर होता."

टोकाच्या खोलीत समई लागल्याचे दिसले. मग दार लागले.

मी चपला काढल्या आणि खानावळीत, ट्रंकांच्या मधल्या जागेत जाऊन बसलो. मी मासे खात नाही, हे तिला माहीत होते. तिने भात आणि सोलकढी वाढली. मन स्थिर नव्हतेच. त्या रात्रीपासून झोप पुन्हा बिघडली, आणि बरीच वर्षे बिघडलेलीच राहिली.