ऐकू न येणारे प्रश्न

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाला तपासलं, हात धुतले आणि सांगितलं, "यावर इलाज नाही. संशोधन चालू आहे." पहिलं वाक्य भावाने जणू ऐकलंच नाही. कोल्हारला परत येताना वाटभर तो दुसऱ्याच वाक्यावर बोलत होता. संशोधन चालू आहे म्हणजे रस्त्याचं काम चालू आहे तसंच ना, मग आज ना उद्या डांबर पडणारच, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे रस्त्याची कामं कशी चालू असतात हे त्याला ट्रॅक्टर चालवून पक्कं ठाऊक होतं, तरी तो असं म्हणाला.

आजार घराण्यातून आलेला. मला नाही, त्याला आहे, आणि यात न्याय वगैरे काही नाही. आधी त्याला रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना. कारखान्यावर ऊस नेणारा ट्रॅक्टर त्याने आपणहून सोडला. चावी भावजयीच्या हातात दिली. उरला तो मधला एक गोल. गाईचं तोंड दिसलं की कास दिसायची नाही, कास सापडली की गाय कुठली ते कळायचं नाही. "आक्का, समदं हाय, पन एका येळंला न्हाई," असं तो सांगायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्राणिशास्त्राची पदवी आहे, म्हणून घरातलं संशोधन खातं माझ्याकडे आलं. शोधता शोधता परदेशातल्या एका विद्यापीठाची व्याख्यानं सापडली, डोळ्याच्या पडद्यावरच्या संशोधनाची, कुणीही घरबसल्या फुकट बघावीत अशी. बोलणाऱ्या प्राध्यापक बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. रविवारी जेवणं उरकली की मी मोबाईल टीव्हीला जोडायचे. भाऊ टीव्हीच्या अगदी पुढ्यात पाट टाकून बसायचा, भावजय दाराशी लसूण सोलत. मी व्याख्यान थांबवत थांबवत मराठीत सांगायचे. बिघडलेल्या जनुकाच्या जोडीला चांगला जनुक पेशीत पोचवायचा, आणि तो पोचवायला निरुपद्रवी केलेला विषाणू वापरायचा. "म्हंजी टेम्पो," भाऊ म्हणाला. हल्ली वर्गात मीही टेम्पोच सांगते.

मग उंदीर आला. जन्मापासून आंधळा, डोळ्यात इंजेक्शन दिलेला, आणि आता उजेडाच्या दाराकडे सरळ चालत जाणारा. तेवढा तुकडा आम्ही पुन्हा पुन्हा लावला. भाऊ मान इकडेतिकडे करत त्या उंदराला आपल्या गोलात धरून ठेवायचा. त्याच आठवड्यात भावजयीने पेंडीच्या पोत्यांपाशी पिंजरा लावला, तर म्हणाला, "सोड त्याला. त्याचा नंबर माज्या आदी लागलाय." आम्ही हसलो. मला मात्र टीव्हीतल्या उंदराचा राग आला होता. कुठला कोण उंदीर, त्याला दिसतंय, आणि माझा भाऊ भिंत चाचपत न्हाणीत जातोय.

व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी प्रश्न विचारायचे. पण माईक फक्त बाईंपाशी, त्यामुळे प्रश्न ऐकूच यायचा नाही. बाई मान हलवत ऐकतायत, टीव्ही मुका, आणि मग एकदम उत्तर. त्या मुक्या जागेत भावाने आपले प्रश्न घालायला सुरुवात केली. "बाई, औंदा दुधाचा भाव वाढंल का?" आणि बाई गंभीरपणे सांगायच्या की अजून पुरावा अपुरा आहे. "माजी बायकू माज्यावर कदी खूश हुईल?" तर त्यासाठी आणखी प्रयोग करावे लागतील. मी उत्तर मराठीत सांगितलं की भावजय हातातली लसणाची पाकळी त्याला फेकून मारायची. त्या वर्षात आमच्या घरी जेवढं हसू झालं, ते बहुतेक तिथेच झालं.

शेवटचं व्याख्यान माणसांवरच्या उपचारांचं होतं. भाऊ दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला. बाई नेहमीपेक्षा सावकाश बोलत होत्या. औषध पोचवायचं तर पेशी जिवंत हवी, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मी ते पुन्हा पुन्हा मराठीत सांगितलं. भाऊ नुसता हुंकार देत होता.

मग प्रश्नांची वेळ झाली. समोर कुणीतरी बोलू लागलं असावं, कारण बाई ऐकू लागल्या. भावजय आधीच हसायच्या तयारीत होती. भाऊ पाटावर ताठ झाला आणि टीव्हीकडे तोंड करून म्हणाला, "बाई, माज्यासारख्याला दिसंल का?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "नो." पुढे आणखी काही बोलल्या. मी टीव्ही थांबवला.

"नो म्हनल्या न्हवं?" भावाने विचारलं.

"व्हय."

"फुडं काय म्हनल्या?"

पुढे त्या म्हणाल्या होत्या की आज जे रुग्ण आहेत त्यांच्या गेलेल्या पेशी यातून परत येणार नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपलं काम पुढच्यांसाठी आहे. मी सगळं सांगितलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा कोरडा निघाला, आणि त्या आवाजाची मला शिसारी आली.

"तिला दुसरंच कुनी काय इचारलं आसंल," भावजय म्हणाली. "वन्सं, सांगा की ह्यांस्नी. ह्यांचं तिला कुटं ऐकू गेलं?"

खरं होतं. व्याख्यान केव्हाचंच होऊन गेलेलं, बाई सातासमुद्रापलीकडे. पण कुणी काहीही विचारलेलं असो, उत्तर आमचंच होतं, आणि हे भावजयीलाही कळलं होतं. तिने सुपातला लसूण तसाच ठेवला.

"लाव फुडं," भाऊ म्हणाला. "संपू दे."

मी लावलं. आणखी काही प्रश्न आहेत का, असं बाईंनी सभागृहाला विचारलं. इतक्या रविवारांनंतर भावाला तेवढं इंग्रजी माझ्याशिवाय कळायचं. टीव्ही मुका झाला. आम्ही दोघी भावाकडे बघत राहिलो. तो बाईंकडे बघत होता, मान जराही न हलवता, आणि बोलत नव्हता.

बाईंनी थोडी वाट पाहिली, मग आभार मानले. टाळ्या मात्र स्पष्ट ऐकू आल्या.