वाकडं शून्य

दिवसाला सहाशे चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला वेगळं नाव कशाला हवं? अख्खी लॉन्ड्री तिला घडीकाकी म्हणायची. बावीस वर्षांत उजवा खांदा कामातून गेला, पाठीला बाक आला. आता तिला एकच हवं होतं: लेबलं लावायची, बसून करायची जागा. उभ्याने आणखी एक वर्ष निघणार नव्हतं.

जागा कुणाला, हे यंत्र ठरवणार होतं. ज्या बाईच्या पाठीला जास्त बाक, ती बसणार. मनगट, कोपर, खांदे, कंबर, सगळीकडे हालचाल टिपणाऱ्या काडेपेटीएवढ्या डब्या पट्ट्यांनी बांधायच्या; वायर एकही नाही. बाई हलली की पडद्यावरची राखाडी बाहुली हलायची. डब्या बांधणाऱ्याला बायकांनी कधीच पट्टेवाला करून टाकलं होतं.

"काकी, सरळ उभ्या राहा. पाच मोजेपर्यंत हलायचं नाही. हे तुमचं शून्य, इथून पुढचा बाक मोजायचा."

"एवढंच सरळ होतं, बाबा."

"बरं बरं." मागे रांग होती. त्याने बटण दाबलं.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. 'म्हणजे कसंय' म्हटल्याशिवाय साहेबांचं तोंड उघडत नसे.

"म्हणजे कसंय काकी, तुमची पाठ विशीतल्या पोरीसारखी ताठ! जागा दुसरीला जाईल."

"अहो, मी समोर उभी आहे की! इकडे बघा ना."

"म्हणजे कसंय, आम्ही डोळ्यांनी ठरवलं तर लोक वशिला म्हणतात."

काकीची धाकटी जाऊ घडी घालताना चादरीचं दुसरं टोक धरायची. तिने पट्टेवाल्याला गाठलं. "भाऊ, वाकडीलाच तुम्ही सरळ धरलंत. मग यंत्राला ती वाकडी दिसणार कशी?"

तो ओशाळला. "उद्या यादी जाते. आजच परत शून्य घेऊ. पण खरोखर ताठ उभं राहावं लागेल. फक्त पाच."

जाऊने पाठीला गुडघा लावून खांदे मागे ओढले. "दम धरा जाऊबाई. चार बाळंतपणं काढलीत!"

"तू गप गं!"

एक. दोन. तीनला कळ मस्तकात गेली.

"हललात, काकी."

पुन्हा. दोनलाच पाठ पुढे झुकली. तिसऱ्या खेपेला एक म्हणायच्या आतच ती खाली बसली.

पट्टेवाला पडद्याकडेच बघत राहिला. "यंत्र घेत नाही, काकी. मग... जुनंच शून्य ठेवतो."

तिने डब्या सोडू दिल्या. ट्रॉली भरून उभी होती. जाऊने चादरीचं टोक तिच्या हातात दिलं आणि टोकं जुळवायला दर वेळी स्वतःच चालत येऊ लागली.