फणसाचा होकार

मेकाँगच्या कालव्याकाठच्या त्या वस्तीत म्हातारा ताम झाडांचा आवाज म्हणून ओळखला जाई. पाचव्या महिन्याच्या पंचमीच्या सणाला, ऐन दुपारी, न फळणाऱ्या झाडाला दम द्यायचा असतो. एकाने वर चढून झाड व्हायचं, दुसऱ्याने खाली कोयता घेऊन विचारायचं, फळणार की तोडू? वरच्याने गयावया करून शब्द द्यायचा, की मग वर्षभर त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. तामचा आवाज असा बारीक आणि केविलवाणा लागायचा की विचारणाराच रडकुंडीला येई. वस्तीतल्या निम्म्या आंब्या-पेरूंच्या वतीने त्याने शब्द दिले होते. स्वतःच्या वतीने मात्र या माणसाने कधी कशाला हो म्हटलं नाही. बायकोने काही विचारलं की हा डुकरांना खायला घालायला निघून जायचा. ती बिचारी वर्षातून एकदा अंगणातल्या फणसाखाली कोयता परजून उभी राहायची, आणि तेव्हा मात्र वरून लगेच उत्तर यायचं, "फळेन, बाईसाहेब, मला तोडू नका!" ती गेली आणि फणस फळेनासा झाला. विचारणारं कुणी नाही, तर तो फळेल कशाला, असं तामचं म्हणणं.

यंदा सणाला त्याची मुलगी थोआ नवऱ्याला आणि लेकीला घेऊन सायगावहून आली, ती बापाला घेऊनच जायचं ठरवून. कारण फोन. तिने दिलेला फोन ताम तांदळाच्या रांजणात, तांदळाखाली पुरून ठेवायचा. दमट हवेने बिघडू नये म्हणून! थोआ तिकडून फोन करून करून थकायची, मग शेजारच्या साऊबाईला पळवायची, बा जिवंत आहेत का बघून या म्हणून. साऊबाई या धावपळीने तामच्या आधी आपणच जाऊ म्हणायला लागली होती.

"बाग साऊबाई बघतील, डुकरं विकून टाकू," थोआ आंबवलेला गोड भात वाढता वाढता म्हणाली. "आणि बा, तुम्ही आमच्याकडे. ऐकायचं!"

"फणसाला विचारल्याशिवाय कसा येऊ?" ताम म्हणाला.

"विचारा की. फळेन म्हणाला तर राहा वर्षभर. नाही म्हणाला तर तोडायचा आणि गाडीत बसायचं. पण त्या गुडघ्यांनी तुम्ही वर चढायचं नाही. हे चढतील."

हे म्हणजे जावई क्वेन, गाद्यांच्या कंपनीतला साहेब. तो आल्याबरोबर तामचा हंस त्याच्या मागे लागला होता. हा काही मोती टिपणारा हंस नव्हता, पोटऱ्या टिपणारा होता. थोआने नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन पढवलं, "वरून सरळ नाही म्हणून टाकायचं. लाजायचं नाही." झाडाने नाही म्हटल्याचं त्या वस्तीत कुणी ऐकलं नव्हतं.

दुपारी सगळी वस्ती अंगणात जमली. क्वेन इस्त्रीच्या पँटीत कसाबसा फांदीवर जाऊन बसला. हंस बुंध्याशी पहाऱ्याला. तामने कोयता उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तो खालून विचारत होता.

"काय रे फणसा, फळणार की तोडू?"

"नाही फळणार," क्वेन वरून म्हणाला. "पुढच्या वर्षीही नाही. तशी शक्यता दिसत नाही."

"अगं बाई! झाड उलटून बोललं!" पदर नसल्यामुळे साऊबाईने तोंडाला टोपीच लावली.

तामचा चेहरा उतरला. मग त्याला राग आला आणि त्याने कोयत्याची उलटी बाजू बुंध्यावर अशी हाणली की फांद्या हादरल्या. फणसावर पिवळ्या मुंग्यांची घरटी होती. कीड खातात म्हणून बागेत सगळेच पाळतात, पण थोआ शहरात राहून ते विसरली होती. घरटं फुटलं आणि मुंग्या इस्त्रीच्या पँटीत शिरल्या.

"फळणार का?"

"नाही फळ... आई गं! फळणार! खूप फळणार! मला तोडू नका!"

खाली उतरायची सोय नव्हती, हंस मान लांब करून उभा होता.

"वा! काय आवाज लागलाय," साऊबाई म्हणाली. "झाडाने शब्द दिला हो!"

"अहो, त्या मुंग्या होत्या!" थोआ ओरडली.

"मुंग्या काय, वारा काय. झाड बोललं की बोललं."

लोक हसत पांगायला लागले. थोआ मात्र तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली. "हसा, बा. इथे एकटे पडलात, तर मला कळेल कसं? रिंग वाजत राहते आणि मी तिकडे मरते."

ताम सवयीने डुकरांकडे वळला. थोआने डोळे पुसले, त्याच्या हातातला कोयता काढून घेतला आणि त्याच्या नडगीवर हलकेच टकटक केलं.

"काय हो, फोन रांजणातून काढणार की नाही?"

तामने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. थेट तिच्या आईसारखी उभी होती. त्याच्या तोंडून तो बारीक, केविलवाणा सूर आपोआप निघाला. "काढीन, बाईसाहेब, मला तोडू..."

"झाडाच्या आवाजात नाही, बा. तुमच्या."

 डुकरं भुकेने ओरडत होती, तरी ताम हलला नाही. नात फांदीकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागली, तिला थोआने हातानेच थांबवलं.

"काढीन, पोरी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "रोज उचलीन."

"आता मी माणूस झालो तर चालेल का?" वरून क्वेनने विचारलं.