ओल्या गवताची गंजी

पेन्शनला एक वर्ष उरलं असताना मी कळमेश्वरच्या अलीकडचं आमचं आठ एकरांचं गवताचं रान चुलतभावाकडून परत घेतलं. तीस वर्षं नागपूरच्या कचेरीत लोकांच्या अर्जांवर शेरे मारले होते. उरलेलं आयुष्य गाईंच्या मागे काढायचं, असं एकदा डोक्यात बसलं ते बसलं. बायकोनं आधी मला वेड्यात काढलं आणि मग माझ्याआधी तीच तिकडे राहायला गेली.

रानासोबत चार गाई मिळाल्या आणि गाईंसोबत त्यांचा गायकी. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात. हा वडिलांच्या वेळचा. मी शाळेत जात होतो तेव्हापासून तो आमची गुरं राखत होता, आणि चौपन्नाव्या वर्षीही मला ‘लहाने मालक’ म्हणायचा. त्याला बायको नाही, मूल नाही, गोठ्याच्या पडवीखेरीज दुसरं छप्पर नाही.

रान वर्षातून एकदाच कापायचं. दिवाळीत गायगोधन झालं, गाई रंगवून मिरवल्या, की मग विळे काढायचे ही तिथली रीत. तोवर गवत देठापर्यंत पिवळं पडलेलं असतं. त्या गवताची गंजी पुढच्या पावसापर्यंत पुरवायची. ती पुरली नाही तर गाई विकणं आलं, आणि गाई गेल्या की गायक्याला कोण ठेवणार आणि कशासाठी? हे मला ठाऊक होतं. नव्हतं असं मी आजही म्हणत नाही.

पण माझी पंधरा दिवसांची रजा दिवाळीआधीची मंजूर झाली. दिवाळीनंतर साहेबाचा हिवाळी दौरा निघायचा, आणि माझ्यावाचून साहेबाचं पान हलत नाही अशी माझी समजूत होती. तेव्हा मी रजेच्या हिशेबानं विळे काढले. कापणी संपता संपता आभाळ आलं आणि एक सर पडून गेली. गायक्यानं एक काडी उचलली, तिची गाठ नखानं फोडली आणि ओला अंगठा मला दाखवला.

“पाणी हाय अजून आत. आठ दिस पडू द्या, मालक.”

“सोमवारी मला कचेरीत हजर व्हायचं आहे.”

“तुमाले जा लागते. गवताले काहून घाई?”

मला राग आला. कचेरीत माझ्याशी असं कोणी बोलत नसे. मी गडी लावले आणि रविवारी दिवेलागणीच्या आत गंजी रचून घेतली. वडील चार लहान गंज्या घालत. मी एकच घातली, उंच, पायांनी ठासून ठासून घट्ट केलेली. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी पाहावी अशी. गायकी सांगितलं तेवढंच करत होता. मला ते बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी बैलांच्या दमणीतून उतरलो तर गंजीला गोड वास येत होता, गूळ शिजावा तसा. मी खूष झालो. सकाळी गंजीच्या माथ्यावरून वाफ निघताना दिसली, ती मी दंवावर ढकलली. गायगोधनाच्या दिवशी शिंगं रंगवलेल्या चारही गाई मिरवून आल्या आणि थंडीमुळे गंजीला पाठ लावून बसल्या. बायकोही जवळ जाऊन उभी राहिली.

“अहो, हात लावून बघा, किती ऊब आहे.”

गायक्यानं गाई उठवल्या आणि लांब नेऊन बांधल्या. त्या पुन्हा गंजीकडे ओढ घेत होत्या. मग तो विहिरीवरून पाणी आणून गंजीजवळ माठ भरून ठेवू लागला. एकामागून एक. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाला, “असू द्या.” मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

आणखी दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी दुपारी पोचलो तेव्हा गोड वास गेला होता. तंबाखू जळाल्यासारखा वास येत होता आणि गंजीचा माथा मधोमध खचला होता. गायक्यानं लोखंडी पहार गंजीत खुपसली, थोड्या वेळानं ओढून काढली. मी टोकाला बोटं लावली आणि कातडी तिथंच राहिली.

“आतून जळून राहिली, मालक. आता उघडू नका. हवा लागली का भडकते. गाई काढू, गोठ्याचं छप्पर उतरवू. गंजी जाऊ द्या.”

गंजी जाऊ द्या म्हणजे गाई जाऊ द्या, आणि तो स्वतःही. हे त्यालाही कळत होतं. मी मात्र पेटून उठलो. अर्धं गवत तरी वाचेल, वरून उघडा, म्हणालो. तो जागचा हलला नाही. मग मीच शिडीकडे वळलो, तेव्हा त्यानं माझ्या हातातली शिडी घेतली.

“तुमी नका चढू.”

तो चढला. वरचे चार-पाच भारे त्यानं खाली टाकले. सहाव्याला वाकला आणि त्याच्या पायाखालची गंजी आत बसली. आतलं गवत केव्हाच कोळसा झालं होतं, वर नुसतं कवच राहिलं होतं. मांड्यांपर्यंत तो आत गेला आणि त्याच्या भोवतीनं ज्वाळा वर आल्या. त्यानं भरून ठेवलेले माठ बायको खालून देत गेली, मी शिडीवरून ते त्याच्यावरच ओतले, आणि त्याला हातांना धरून ओढून काढलं.

गंजी दोन दिवस जळत होती. गोठा गेला. तो जगला, पण पाय पुन्हा जमिनीला लागतील असं वैद्याला वाटत नव्हतं. महिन्याभरात नागपुरातल्या लकडगंजाकडचा एक गवळी चारही गाई घेऊन गेला. त्या अंगणातून निघाल्या तेव्हा गायकी आमच्या घराच्या ओसरीत बाजेवर होता. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

गावातले चार लोक आले होते. कोणीतरी विचारलं, इतकी मोठी गंजी पेटली कशी?

तो बाजेवरून म्हणाला, “माह्यंच चुकलं. मले ओल समजली नाही. बुढा झालो.”

बायको माझ्याकडे बघत होती. लोकही बघत होते. मी मान हलवली आणि म्हणालो, “वय झालं आता त्याचं.”