अक्कांच्या निम्मं

वहिनी गेल्याची बातमी आली तेव्हा मी औरंगपुऱ्यात न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलो होतो आणि निम्म्या तोंडाला साबण होता. पुतण्याचा फोन होता. शहाण्या माणसानं तसंच उठून निघायचं. पण मला वाटलं, एका गालावर खुंट घेऊन मयताच्या घरी कसं जायचं? म्हणून बसून राहिलो. माझे डोळे वाहायला लागलेले बघून न्हाव्याला वाटलं, डोळ्यांत साबण गेला. बिचाऱ्यानं तोंड दोनदा धुऊन दिलं, वर पावडर फासली आणि भरपूर सेंट मारला. मी पोचलो तेव्हा दारात माणसं माना खाली घालून बसलेली. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "लग्नाला आला का?" ... वहिनी असत्या तर त्यांना हसू फुटलं असतं. पण त्या लगेच हसल्या नसत्या. आधी माझ्याकडं बघितलं असतं, मी मान हलवली असती, मग हसल्या असत्या. हे बघणं कुठून आलं, तेच सांगायला बसलोय.

वहिनी आजारी पडल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. आधी झोप गेली, मग जेवण गेलं, मग भिंतीशी बोलणं सुरू झालं. पुण्याच्या दवाखान्यात काही महिने राहून आल्या. आल्यावर गल्लीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण कुंकू हात लांब करून, अंगठ्याच्या टोकानं लावायच्या. चावल्या तर काय घ्या! डॉक्टर म्हणाले, यांचं मन लागेल असं काहीतरी करू द्या. दादाला वाटलं, लोकर आणून द्यावी. वहिनी म्हणाल्या, "माझं बी.ए. राहिलंय. दोन वर्षं." लग्नासाठी सुटलेलं कॉलेज बाईला इतक्या वर्षांनी नेमकं आठवत होतं, आणि आम्ही घरभर म्हणत होतो की हिचं डोकं चालत नाही. दादा म्हणाला, "जा. पण एकदा जरी काही वेडंवाकडं दिसलं तर कॉलेज बंद. आन हा येईल संगं." हा म्हणजे मी. गुलमंडीतलं माझं बांगड्यांचं दुकान नुकतंच बुडालं होतं, बी.ए. त्याआधीच दोनदा बुडालं होतं. राखणदाराला लागते ती सगळी पात्रता अंगात होती.

पहिल्याच दिवशी शिपायानं मला फाटकात अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." म्हणून मग मीही तिसऱ्यांदा बी.ए.ला नाव घातलं. वर्गातली पोरं आम्हाला मावशी आणि मामा म्हणायला लागली. पुढच्या बाकावरची शाहीन वहिनींना 'खाला', म्हणजे मावशीच, म्हणायची आणि पदराला हात लावून हळूच विचारायची, "खाला, सर क्या बोले? मेरे कू तो कुछ समजताच नै." वहिनी समजावून सांगायच्या. मी तिथंच बसलेलो असायचो, पण मला कुणी काही विचारायचं नाही. एकदा तर मी चुकून शेजारच्या उर्दूच्या वर्गात जाऊन बसलो आणि लाजेनं उठता येईना, म्हणून तासभर "वाहवा, वाहवा" करत राहिलो. शेवटी सर म्हणाले, "जनाब, आता पुढचा शेर तुम्हीच वाचा." तिकडं वहिनी तासभर राखणदाराशिवाय वर्गात होत्या आणि कॉलेज जागच्या जागी होतं.

रात्रीच्या जेवणाला मी ही हकिगत हातवारे करून सांगितली. वहिनी हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ताटावर वाकून हसल्या. दादा जेवता जेवता उठला, कपाटातून गोळी आणली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या हातावर ठेवली. "हसणं थांबंना. हे लक्षणच हाय." मला म्हणाला, "कॉलेजात बी अशीच हसती का?" मी नाय म्हणालो. वहिनींनी गोळी गिळली, वर पाणी प्यायल्या, आणि दादाला भाकर वाढली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या रस्त्यानं जाताना मला म्हणाल्या, "भावजी, परीक्षा होईस्तोवर विनोद करू नका. तुमच्या विनोदानं माझं बी.ए. जाईल." माझ्या विनोदाची एवढी मोठी तारीफ आजवर कुणी केली नाही, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

तेव्हापासून ते बघणं सुरू झालं. वर्ग हसला की वहिनी आधी माझ्याकडं बघायच्या. मी मान हलवली तर हसायच्या, तेही मापात. घरात दूध उतू गेलं तरी चिडायच्या नाहीत. गुणगुणणं बंद. पाठांतरसुद्धा ओठ न हलवता करायच्या, कारण ओठ हलले की घरात कुणीतरी म्हणणार, लागली बघा भिंतीशी बोलायला. आपण शहाणी माणसं दिवसातून इतक्यांदा उगाच ओरडतो, उगाच हसतो. त्यांना दोन वर्षं एकदाही चुकायची मुभा नव्हती. आणि दाखला द्यायला कोण, तर मी!

शेवटची परीक्षा तोंडावर आली आणि गंगापूरकडच्या त्यांच्या गावाहून निरोप आला, आई गेली. आम्ही एसटीनं पोचलो. आत बायकांचा आकांत चाललेला. वहिनींनी मला गोठ्यामागं गाठलं. डोळे कोरडे. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "भावजी, रडू का?"

"अहो वहिनी, आई गेली तुमची!"

"ते खरंय. पण किती रडू? तुम्ही सांगा, तेवढंच रडते. जास्त झालं तर पेपर जातील."

अशा वेळी काय सांगायचं असतं? मी म्हणालो, "अक्का रडतायत ना... त्यांच्या निम्मं." अक्का म्हणजे वहिनींची थोरली बहीण. रडण्यातलं मोठं नाव. त्यांचा हंबरडा ऐकून फाट्यावरची एसटी थांबावी. त्यांच्या निम्मं म्हणजे भरपूर होईल, असा माझा हिशेब. पण वहिनी पडल्या गुणी विद्यार्थिनी. अक्कांचा एक हंबरडा सोडायच्या, दुसऱ्याला हुंदका द्यायच्या, की लगेच थांबायच्या आणि दारातून माझ्याकडं बघायच्या. मी मान हलवायचो. भिंतीकडेच्या बायका कुजबुजायला लागल्या, "आईसाठी धड रडतबी नाय. अजून जाग्यावर नाय हिचं डोकं."

परतीच्या एसटीत दादा माझ्या शेजारी. पुढच्या बाकावर खिडकीशी वहिनी.

"नीट रडली नाय," दादा म्हणाला. "बायका बोलत व्हत्या. पेपर राहू दे, उद्या डॉक्टरकडं नेतो."

"रडल्या की. गोठ्यामागं. मी पाहिलं."

"किती?"

"लई."

"लई म्हंजे? पुन्हा सुरू झालं का काय?"

"नाय नाय... लई म्हंजे, बेतानं लई."

पुढच्या बाकावर वहिनींचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या का रडत होत्या, ते मला आजही ठाऊक नाही. दोन्हींतलं काहीही दादाला दिसलं असतं तर पेपर गेले असते. म्हणून मी खोकायला लागलो, आणि वाळूज येईपर्यंत खोकत राहिलो. दादा म्हणाला, "तुलाबी दाखवावं लागतं दवाखान्यात."

वहिनी सेकंड क्लासात पास झाल्या. राखणदार नापास. दादानं गुणपत्रिका उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "बरं झालं. आता गोळ्या तेवढ्या वेळेवर घे." पेढे आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. शाहीन नानखटाई घेऊन दारात आली, "खाला, अब तो हंसो! अब कौन रोकता तुम कू?" वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्या हसल्या.

अट संपली होती, हे आम्ही कुणीच त्यांना सांगितलं नाही. नंतर कितीतरी वर्षं गेली, मुलाचं लग्न झालं, नातवंडं अंगणात धडपडायला लागली... स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी त्यांचा पाट ठरलेला असायचा, तिथून त्या हसायच्या-रडायच्या आधी माझ्याकडं बघायच्या. दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत दुखणं असह्य झालं तेव्हाही कण्हायच्या आधी बघितलं. मी मान हलवली.

परवा घरी सगळे जेवायला जमले होते. सुतक फिटून बरेच दिवस झालेले, तरी घर गप्पच. राहवेना म्हणून मी न्हाव्याची, पावडरची, सेंटची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. "लग्नाला आला का" ला सगळे फुटले, आणि सगळ्यांत मोठ्यानं दादा. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तो रडायलाच लागला. ताटावर वाकून, लहान पोरासारखा, अक्कांच्या दुप्पट. थांबेचना. सुनेनं पाठीवरून हात फिरवला, नातीनं पाणी दिलं, कुणीतरी म्हणालं, रडू द्या, मोकळं होतंय. कपाटाकडं कुणी गेलं नाही.

मी उंबऱ्याकडं बघितलं आणि मान हलवली.