सरपंचाचे मामा

आमच्या शेजारच्या मामांइतका मांजराच्या बाजूने भांडणारा वकील अख्ख्या वसई तालुक्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे, बारा महिने खांद्यावर पंचा आणि काखेत छत्री. उभा जन्म खाडीकाठच्या मिठागरावर गेलेला. तिथे या बांधावरचा माणूस त्या बांधावरच्या माणसाशी बोलणार तो ओरडूनच, त्यामुळे हळू बोलणं म्हणून काही असतं हे मामांच्या गावीच नव्हतं. ‘पोरी, चाय झाली का गो?’ असं ते आपल्या ओटीवरून मला विचारायचे आणि पार पापडीच्या चर्चपर्यंतच्या बायका आपापल्या चुलीकडे बघायच्या. मिठाच्या बाबतीत तर त्यांचा ब्रह्मदेवावरही विश्वास नव्हता. लग्नाच्या पंगतीत बसले की कनवटीची पुडी सोडून घरचं मीठ पानात वाढून घेत. वाढपी रागावला तर म्हणत, ‘‘तुझा मीठ चांगलाच असंल रे बाबा. पन याला मी वलखतो.’’

मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक अर्नाळ्याला दिलेली. घरात मामा आणि त्यांचा बोका. बोका म्हणजे केवढा! पिवळाधमक, एक कान फाटका, आणि चाल अशी की रस्त्याने त्याच्यासाठी बाजूला व्हावं. त्याचं नाव सरपंच. हे असलं नाव का ठेवलंत म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘सगल्यांच्या घरात शिरतो, सगल्यांचा खातो, आनि कामाचा काय करत नाय. मग दुसरा काय नाव ठेवू?’’ संध्याकाळी मामा ओटीवर उभे राहून ‘‘सरपंऽऽच! जेवायला या!’’ अशी हाळी द्यायचे. एकदा गावचे खरे सरपंच रस्त्याने चालले होते. ते बिचारे संकोचाने चपला काढून ओटी चढले. मामांनी त्यांनाही बसवलं, वाढलं, आणि तिघं जेवले.

कोळीण आली की मामा आधी सरपंचासाठी मांदेली निवडायचे, मग स्वतःसाठी उरलंसुरलं. सरपंचाने आळीत काहीही उपद्व्याप केला तरी मामांकडे खुलासा तयार असे. समोरच्या मावशींच्या खुराड्यापाशी तो बसलेला सापडला आणि कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत, तेव्हा मावशी पदर खोचून आल्या. मामा शांतपणे म्हणाले, ‘‘अगो, तो मोजत व्हता. एखादी कमी भरली असती तर पयला तुलाच सांगायला आला असता.’’ मावशींनी खोचलेला पदर सोडला आणि घरी जाऊन कोंबड्या मोजल्या.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या शेजारी दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. मला तिथल्या शाळेत नोकरी लागली होती. आमच्या लवाजम्यात दोन जनावरं होती. एक आमच्या यांचा कुत्रा वाघ्या. नाव वाघ्या, पण पहिल्याच सकाळी सरपंच आमच्या दारात येऊन नुसता जांभई देऊन गेला आणि वाघ्या जो खाटेखाली शिरला तो संध्याकाळी भाकरी दाखवल्यावर बाहेर आला. त्याचं मला काही वाटलं नाही. असल्या वाघांना तेवढी अद्दल बरीच असते. माझा जीव अडकला होता तो दुसऱ्यात, माझ्या राघूत.

हा राघू मूळ आईचा. माझी आई वाईला पहिली-दुसरीचे वर्ग घ्यायची. सगळं खपवून घेईल, पण ‘न’ आणि ‘ण’ यांची गल्लत तिला खपत नसे. ‘जीभ टाळ्याला लावा रे, टाळ्याला!’ म्हणून तिने किती पिढ्या ‘लोणी, पाणी, नाणी’ घोकून घेतल्या असतील देव जाणे. दारात कोणी आलं की ती स्वयंपाकघरातून मला हाक मारायची, ‘‘सुमे, कोण आलंय गं? पाणी आण!’’ राघूने ते उचललं होतं, अगदी तिच्या हेलासकट, त्या घोटीव ‘ण’सकट. आम्ही पापडीला आलो त्याच्या आदल्याच माघात आई गेली. वडील आधीच गेलेले. भावांनी भांडी वाटून घेतली, मी पिंजरा मागितला. घरात कोणी आलं की राघू ओरडायचा आणि मी खरोखर पाण्याला उठायची. माझ्याकडे आईचा एक फोटो होता, पण त्यात ती बोलत नव्हती.

आणि सरपंच रोज येऊन पिंजऱ्यासमोर बसू लागला. काही करायचा नाही हो, नुसता बघायचा. शेपटीचं टोक तेवढं हलायचं. आठ दिवसांत राघूने पेरू टाकला, पंखाची पिसं उपटायला लागला, आणि बोलणं बंद. साफ बंद! दारात पोस्टमन येवो की भाजीवाली, तो आपला दांडीला चिकटून गप्प.

मी मामांकडे गेले. मामा म्हणाले, ‘‘बसतो, बघतो. बघायला काय बंदी हाय?’’ पिंजरा वर टांगला, तर सरपंच भिंतीवर जाऊन बसला. पिंजऱ्यावर लुगडं टाकलं, तर राघू रात्र समजून दिवसभर झोपू लागला. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा उंदरांना पडलेला प्रश्न मामांनी मात्र चुटकीसरशी सोडवला, स्वतःच बांधली. चार दिवसांत सरपंच घंटा न वाजवता चालायला शिकला. मामांनी मला बोलावून कौतुकाने दाखवलं, ‘‘बघ, डोका बघ त्याचा!’’

त्या दिवशी माझा तोल सुटला. भर ओटीवर मी ओरडले, ‘‘तुमच्या बोक्याचं डोकं घाला चुलीत! माझी आई गेली मामा, आणि तिचा आवाज तेवढा त्या पिंजऱ्यात होता. तोही तुमच्या सरपंचाने खाल्ला!’’ आणि मी तिथेच बसून रडले. मामांनी पंचा खांद्यावरून काढला, परत ठेवला. मग इतक्या हळू बोलले की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. ‘‘आधी नाय सांगायचास का गो पोरी.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गोणी घेऊन निघाले. गोणीत सरपंच. मांजर सोडायला नेताना वाटेत गोणी गरागरा फिरवावी म्हणजे त्याला परतीची वाट कळत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण गोणी फिरवली तर सरपंचाला भोवळ येईल, म्हणून मामांनी गोणी पोटाशी धरली आणि एसटीच्या थांब्यावर स्वतःच सात गिरक्या घेतल्या. भोवळ त्यांनाच आली, आणि अर्नाळ्याऐवजी ते भलत्याच गाडीत चढले. सरपंचाला लेकीच्या घरी पोचवून ते परतले तिसऱ्या दिवशी. ‘‘मासलीचा गाव हाय,’’ मला म्हणाले, ‘‘बोका उपाशी नाय मरनार. दोन दिस राहून बघितला. खातो.’’ नंतर आठ-दहा दिवस कोळीण त्यांच्या ओटीवरून तशीच पुढे जायची. मामा मासळीकडे बघायचेसुद्धा नाहीत.

एवढं करून राघू बोलला का? नाव नको! पिसं आली, पेरू खायला लागला, वाघ्यावर डाफरू लागला, पण तोंडातून शब्द नाही. मीही मनाशी म्हटलं, संपलं. उगीच त्या म्हाताऱ्याचं मांजर घालवलं. मला मामांच्या दाराकडे बघवेना. एकदा त्यांनीच कुंपणापाशी गाठून विचारलं, ‘‘तुझी आई काय बोलायची? सगला सांग, जसाच्या तसा.’’ मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, ओठ हलवत मान डोलावली, आणि गेले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची चौकशी.

शाळेत जाताना मी किल्ली मामांकडे ठेवत असे. पुढे महिनाभर दुपारी घरी आले की पिंजऱ्याखाली मिरच्यांचे देठ दिसायचे, वाघ्या मामांच्या ओटीवर शेपटी हलवत असायचा, आणि समोरच्या मावशी माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. मला काही उमगलं नाही. मी आपली वह्या तपासत बसायची.

एका रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. दारात पावलं वाजली, आणि पिंजऱ्यातून, वरचं कौल हलेल अशा आवाजात, आरोळी आली:

‘‘सुमेऽऽ, कोन आलाय गो? पानी आन!’’

सूप माझ्या हातातून पडलं. वाघ्या खाटेखाली गेला. दारात मामा उभे होते, छत्री काखेत, चेहरा असा की जणू कोणाचं बारसं आहे. ‘‘ऐकलास?’’ ते म्हणाले. ‘‘ऐकलास ना? रोज दुपारी दोन तास बसून म्हनवून घेतला त्याच्याकडनं. तू शालेत गेलीस का मी हितं. तू बोललीस तसाच शिकवला, एक अक्षर इकडचा तिकडं नाय केला. खरा सांग पोरी, अगदी तुझ्या आईवानी बोलला ना?’’

माझ्या आईने ते ‘कोन’ आणि ते ‘पानी’ ऐकलं असतं तर राघूला आणि मामांना दोघांनाही बाकावर उभं केलं असतं. मला हसू येत होतं आणि डोळे तर केव्हाच भरले होते. आईचा आवाज गेला तो गेलाच, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. पण दारात कोणी आलं की घरातून मला हाक मारणारं कोणीतरी परत आलं होतं. त्यासाठी एका माणसाने आपलं मांजर दिलं होतं, आणि महिनाभर दुपारची झोपही.

‘‘हो मामा,’’ मी म्हटलं. ‘‘अगदी आईसारखा.’’

मामा समाधानाने उंबऱ्यावर बसले आणि पंच्याने तोंड पुसू लागले. राघू पुन्हा ओरडला. मी उठले, आणि मामांसाठी पाणी आणायला आत गेले.